आधी झाडं, मग मासे: एका टाकीच्या नोंदी

९ जानेवारी

टाकी आज जागेवर बसली. लांबी ६० सेंमी, रुंदी ३०, उंची ३६. हिशेबाने ६४.८ लिटर होतात, पण खडी, दगड आणि वरची मोकळी जागा वजा केली की पाणी ५० लिटरच्या आसपासच राहील. खत असो की औषध, सगळं या ५० वर मोजायचं, हे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं आहे. स्टँडची पातळी चारही कोपऱ्यांवर तपासली. एकदा भरली की ही टाकी हलणार नाही.

मागच्या टाकीत मी मासे आधी आणले होते आणि झाडं शोभेसाठी मधेमधे खोचत गेले. झाडं एकेक करून मेली. मी नवी आणत राहिले, तीही मेली. का मेली ते मला कधीच कळलं नाही, कारण कधी काय बदललं याची नोंदच नव्हती. या वेळी क्रम उलटा ठेवला आहे. झाडं रुळेपर्यंत मासा आणायचा नाही आणि जे करेन ते त्याच दिवशी लिहायचं.

१० जानेवारी

दिवसभर झाडांची निवड केली. दिवा कोणता, पाण्यात कार्बन डायऑक्साइड सोडणार की नाही, हे आधी ठरवलं. झाडांची यादी त्यानंतर. सिलिंडर लावायचा नाही, दिवा साधा एलईडी, मध्यम उजेडाचा. आता या दोन गोष्टींत जे जगेल तेच घ्यायचं.

हे इतकं कडक ठरवण्याला कारण आहे. पाण्यात वायू पसरण्याचा वेग हवेतल्यापेक्षा सुमारे १०,००० पट कमी असतो. शिवाय हवेच्या संपर्कात नुसत्या ठेवलेल्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड लिटरमागे एक मिलिग्रॅमसुद्धा भरत नाही. सिलिंडर लावणारे लोक तो ३० मिलिग्रॅमपर्यंत नेतात. म्हणजे माझ्या टाकीतली झाडं अर्धपोटी राहणार आहेत. अर्धपोटी झाडावर प्रखर दिवा लावला तर त्याला तो वापरता येत नाही, आणि उरलेला उजेड शेवाळ वापरतं.

म्हणून रोटाला नावाचं लाल पानांचं झाड नाही. पुढच्या बाजूला हिरवळ पसरवणारी इवल्या पानांची झाडंही नाहीत. फोटोत ती फार सुंदर दिसतात, मलाही भुरळ पडते, पण त्यांना उजेड आणि वायू दोन्ही भरपूर लागतात.

घेणार ती अशी: अनुबियास नाना आणि जावा फर्न दगड-लाकडावर बांधायला, क्रिप्टोकोरायन वेंडटाय मधल्या भागात, वॅलिस्नेरिया मागे, हायग्रोफिला पॉलिस्पर्मा एका कोपऱ्यात, थोडं जावा मॉस, आणि सुरुवातीच्या दोन-तीन महिन्यांसाठी हॉर्नवर्ट. हॉर्नवर्टला मुळंच नसतात. ते तरंगतं, झपाट्याने वाढतं आणि पाण्यातलं अन्न ओढून घेतं. शोभेसाठी नाही, कामासाठी घेते आहे. वॅलिस्नेरियाचा आणखी एक गुण असा की ती पाण्यात विरघळलेल्या बायकार्बोनेटमधूनही कार्बन मिळवते. जड पाण्यात ती जोमाने वाढते ती त्यामुळेच.

१२ जानेवारी

झाडं आणली. आणताना भाची सोबत होती. तिला जांभळ्या पानांचं एक रोप फार आवडलं. ते हेमिग्राफिस होतं, जमिनीवरचं झाड. पाण्याच्या टाकीत उभं करून विकायला ठेवलेलं. त्याच्याच शेजारी ड्रॅसेनाच्या कांड्या होत्या, ज्यांना लोक बांबू म्हणतात, आणि मोंडो ग्रासचे झुपके. ही तिन्ही पाण्याखाली काही आठवडे, कधी काही महिने हिरवी दिसतात. प्रत्यक्षात ती साठवलेल्या अन्नावर तग धरून असतात आणि मग आतून कुजतात. मागच्या टाकीत माझ्याकडे दोन होती, हे आज लक्षात आलं.

ओळखायचं कसं? झाड पाण्याबाहेर उचलून धरायचं. खरं पाण्यातलं खोड मऊ असतं, हातात लगेच मान टाकतं, कारण त्याला उभं धरायचं काम पाणी करत असतं. ताठ राहिलं तर शंका घ्यावी. ही खूण सगळीकडे चालत नाही, अनुबियासचं पान जाड आणि ताठच असतं. त्यामुळे नाव विचारून, नंतर पडताळून घ्यावं हे उत्तम. अनुबियास घेताना त्याचं आडवं जाड खोड, ज्याला राइझोम म्हणतात, ते बोटाने दाबून पाहिलं. एक मऊ लागलं आणि वास आला, ते परत ठेवलं. पानं चार कमी असली तरी चालतील, राइझोम घट्ट हवा.

१३ जानेवारी

कुंड्यांमधलं दगडी लोकरीसारखं भरण चिमट्याने काढायला दीड तास गेला. मुळांत अडकलेले शेवटचे धागे निघेनात, तेव्हा मुळंच बोटभर ठेवून कापली. नवी येतात. मग पोटॅशियम परमँगनेटच्या फिक्या गुलाबी पाण्यात १० मिनिटं आणि नंतर स्वच्छ पाण्यात दोनदा. मॉस आणि वॅलिस्नेरिया नाजूक, ती या पाण्यात घातली नाहीत, नुसती धुतली. पानांमागे गोगलगाईच्या अंड्यांचे जेलीसारखे ठिपके होते, ते नखाने काढले. सगळे निघाले असतील असं नाही.

१४ जानेवारी

लावणी. दोन-तीन मिलिमीटरची धुतलेली खडी, पुढे ४ सेंमी, मागे ७. क्रिप्ट, म्हणजे क्रिप्टोकोरायन, हे मुळांनी जेवणारं झाड, म्हणून त्याच्या खाली खताच्या गोळ्या पुरल्या. आधी खडीच्या वर चार बोटं येईल इतकंच पाणी भरलं. कोरड्या खडीत खोचलेलं रोप पाणी भरताना उपटून वर येतं आणि पूर्ण भरलेल्या टाकीत कोपरापर्यंत हात घालून काम नीट होत नाही.

हायग्रोफिलाची जुडी सोडून एकेक काडी वेगळी लावली, दोन काड्यांत दोन बोटांचं अंतर. जुडी तशीच खोचली की आतल्या काड्यांना उजेड मिळत नाही आणि खालची पानं गळतात. प्रत्येक काडीची तळाची दोन पेरं पानं काढून खडीत गेली पाहिजेत, कारण मुळं पेरातूनच फुटतात. वॅलिस्नेरिया लावताना पानं आणि मुळं जिथे मिळतात तो पांढरट भाग खडीच्या वर ठेवला. अनुबियास आणि फर्न सुती दोऱ्याने लाकडाला बांधले. त्यांचा राइझोम खडीत पुरला तर कुजतो. या दोन झाडांच्या मृत्यूचं सगळ्यात नेहमीचं कारण हेच असावं असं मला वाटतं.

बशीवर धार सोडून हळूहळू टाकी भरली. दिवा टायमरवर, रोज ६ तास.

१८ जानेवारी

खडीत स्वतःचं अन्न काहीच नाही, म्हणून रोज चिमूटभर माशांचं खाद्य टाकते आहे. ते कुजून अमोनिया होतो, एका जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात आणि दुसरे नायट्राइटचं नायट्रेट. ही साखळी बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. झाडं हा अमोनिया अमोनियमच्या रूपात थेट उचलतात, त्यामुळे आकडे वर चढत नाहीत. आज अमोनिया लिटरमागे ०.२५ मिलिग्रॅम.

२१ जानेवारी

क्रिप्ट वितळलं.

काल सकाळी दोन पानांच्या कडा पारदर्शक दिसल्या होत्या. आज आठ रोपांपैकी सहा झोपली आहेत, देठ बोटात धरला की जेलीसारखा निसटतो. हे होतं हे मला माहीत होतं, तरी पाहताना पोटात गोळा आला.

विक्रीसाठी लावतात त्या शेतावर ही झाडं मुळं ओल्यात आणि पानं हवेत अशी वाढवतात. वाढ लवकर होते, शेवाळ चढत नाही. पण हवेतलं पान जाड, मेणचट कातडीचं, श्वासरंध्रं असलेलं असतं. पाण्याखाली त्याचा उपयोग नाही. झाड ते टाकून देतं आणि पातळ कातडीची, थेट पाण्यातून वायू घेणारी नवी पानं काढतं. बहुतेक झाडं हा बदल हळूहळू करतात, क्रिप्ट मात्र एका झटक्यात करतं. पाणी, उजेड, जागा, काहीही बदललं की त्याचं असं होतं. श्रीलंकेतल्या ओढ्यांतलं हे झाड. तिथे पाणी चढतं-उतरतं, तेव्हा वरचं सगळं सोडून जमिनीखालच्या भागात जीव ठेवणं त्याला कामाचं ठरत असणार.

कुजलेली पानं कापून बाहेर काढली, मुळांना हात लावला नाही. मागच्या टाकीत अशीच रोपं मी मेली समजून उपटून फेकली होती.

२४ जानेवारी

काचेवर, दगडांवर तपकिरी भुकटी. डायटम, म्हणजे एक प्रकारचं सूक्ष्म शेवाळ. नव्या टाकीत येतातच. पुसलं.

१ फेब्रुवारी

हायग्रोफिलाला नवी पानं येत आहेत, हॉर्नवर्ट दुप्पट झालं. क्रिप्टच्या जागी मात्र मोकळी खडी. वाढ वेगाने व्हावी म्हणून दिवा ६ तासांवरून १० तासांवर नेला.

९ फेब्रुवारी

चूक झाली, आणि ती माझीच. फर्नच्या पानांवर, मॉसमध्ये, फिल्टरच्या तोंडाशी दोऱ्यासारखं लांब हिरवं शेवाळ. आठ दिवसांत.

आपल्याकडे शेवाळ हा एकच शब्द मॉसला आणि या धाग्यांना, दोन्हींना चालतो, म्हणून इथे वेगळं लिहिते. मॉस हे खरं झाड आहे, त्याला बारीक का होईना पानं असतात. हे जे आलं आहे त्याला पान नाही, खोड नाही, मूळ नाही. त्याची गरज इतकी थोडी की झाड जिथे उपाशी राहतं तिथे ते पोट भरून जगतं. मी उजेड वाढवला, पण कार्बन आणि खत तेवढंच ठेवलं. झाडं कमी पडलेल्या घटकापाशी अडून राहिली आणि जादा उजेड शेवाळाने घेतला.

शेवाळमारी औषध टाकायचं नाही असं ठरवलं. दिवा परत ६ तासांवर. जुन्या दातब्रशवर धागे गुंडाळून ओढून काढले, वाटीभर निघाले. दोन आठवडे दुसरं काहीही बदलायचं नाही. एकदम तीन गोष्टी केल्या तर कशाचा गुण आला ते कळणार नाही.

१२ फेब्रुवारी

भाची काचेला नाक लावून बसली होती. म्हणाली, "मावशी, इथे तपकिरी टोक आलंय." मला दिसेना. तिने बोट ठेवून दाखवलं: रिकाम्या खडीतून सुईएवढी गुंडाळी. क्रिप्टचं पहिलं पाण्यातलं पान. संध्याकाळपर्यंत आम्ही अशा तीन मोजल्या.

१९ फेब्रुवारी

अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य. सलग पाचवा दिवस. शेवाळाची वाढ थांबली आहे, जुनं अजून आहे.

२३ फेब्रुवारी

टाकीत गोगलगाई दिसल्या. चपट्या चकलीसारख्या शंखाच्या, वाटाण्याहून लहान. म्हणजे अंडी राहिलीच होती. काढाव्यात की नाही यावर बराच विचार केला.

रॉबर्ट वॉरिंग्टन या लंडनच्या रसायनशास्त्रज्ञाची गोष्ट आठवली. त्यांनी पाण्याच्या भांड्यात दोन लहान गोल्डफिश आणि वॅलिस्नेरिया ठेवली होती. मासे सोडतात तो वायू झाडं घेतील, झाडं सोडतात तो प्राणवायू मासे घेतील आणि पाणी न बदलता दोघं जगतील, हे त्यांना तपासायचं होतं. अडचण भलतीकडूनच आली. वॅलिस्नेरियाची जुनी पानं कुजून पाणी गढूळ होऊ लागलं, काचेवर बुळबुळीत थर चढला. त्यांनी तळ्यातल्या गोगलगाई आणून सोडल्या. त्यांनी कुजकं खाल्लं, पाणी निवळलं. १८५० साली त्यांनी हे सगळं केमिकल सोसायटीपुढे मांडलं. माझ्या टाकीच्या मागच्या रांगेत तीच वॅलिस्नेरिया उभी आहे.

गोगलगाई ठेवल्या. धडधाकट पान त्या खात नाहीत. संख्या वाढली तर मी खाद्य जास्त टाकते आहे असा त्याचा अर्थ घ्यायचा.

३ मार्च

हायग्रोफिलाच्या खालच्या पानांवर टाचणीने टोचल्यासारखी भोकं, भोवती पिवळी कड. गोगलगाईंवर आळ घ्यायच्या आधी पानं भिंगाखाली पाहिली. खाल्लेल्या पानाची कड कुरतडलेली असते. इथे पान आतूनच मरून भोक पडलं आहे, आणि फक्त जुन्या पानांवर. शेंड्याची पानं स्वच्छ.

जुनं की नवं, हे पाहिलं की अर्धा शोध तिथेच होतो. नायट्रोजन, फॉस्फरस, पोटॅशियम, मॅग्नेशियम हे घटक झाड एका पानातून काढून दुसऱ्याकडे नेऊ शकतं. यांतला एखादा कमी पडला की झाड म्हाताऱ्या पानातला काढून शेंड्याला देतं, म्हणून खूण खाली दिसते. लोह आणि कॅल्शियम असे हलवता येत नाहीत. ते कमी पडले की नवं पानच फिकट किंवा वाकडं येतं. शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा, तोही शेंड्याला, तर लोह. माझ्या टाकीतली भोकं पोटॅशियमकडे बोट दाखवतात. नायट्रेट तपासलं, तेही शून्याला टेकलेलं. हॉर्नवर्टने सगळं ओढून घेतलं.

पोटॅशियम नायट्रेटने दोन्ही भागतात. त्यात वजनाने सुमारे ६१ टक्के नायट्रेट आणि ३९ टक्के पोटॅशियम असतं. ५० लिटरला लिटरमागे ५ मिलिग्रॅम नायट्रेट हवं तर एकूण २५० मिलिग्रॅम नायट्रेट, आणि त्यासाठी ०.४ ग्रॅम पोटॅशियम नायट्रेट. त्यातून पोटॅशियम लिटरमागे ३ मिलिग्रॅमच्या वर मिळतं. आठवड्यातून दोनदा एवढं, आणि सूक्ष्म घटकांचं द्रवखत एकदा. दर आठवड्याला ३० टक्के पाणी बदलायचं, म्हणजे काही साठत राहणार नाही.

१४ मार्च

शेंड्याची सहा नवी पानं अखंड. भोकं पडलेली जुनी पानं भरून येणार नाहीत, ती छाटली.

२० मार्च

आठ हार्लेक्विन रासबोरा मासे आले. तांबूस अंग, मागच्या अर्ध्यावर काळा त्रिकोण. पिशवी अर्धा तास तरंगत ठेवली, मग थोडंथोडं टाकीतलं पाणी घालून सोडले. पहिला तासभर सगळे वॅलिस्नेरियात घुसून बसले. तिथे लपायला झाडी आहे, म्हणून लवकर बाहेरही आले.

६ एप्रिल

अनुबियासच्या पानांवर गोल, घट्ट, खरवडूनही न निघणारे हिरवे ठिपके. हे झाड फार सावकाश वाढतं, एक पान कित्येक महिने टिकतं, आणि माझ्याकडे ते नेमकं दिव्याखाली आहे. लाकूड उचलून वॅलिस्नेरियाच्या सावलीत सरकवलं. ठिपके पडलेल्या पानांपैकी दोन काढली. सगळी एकदम काढली तर झाडाकडे काहीच उरणार नाही.

वॅलिस्नेरियाचे आडवे फुटवे खडीखालून पळत आहेत, दर चार बोटांवर नवं रोप. दोन पुढे क्रिप्टमध्ये घुसले होते. रोपाला चार-पाच पानं आल्यावर मधला दोरा कापला.

२७ एप्रिल

पहिली मोठी छाटणी. हायग्रोफिला पाण्याच्या वर गेली होती. खालचं खोड उघडं पडलं होतं, म्हणून वरचे शेंडे वीतभर कापून तेच पुन्हा लावले, जुने बुंधे काढून टाकले. हॉर्नवर्ट बहुतेक सगळं काढलं. त्याचं काम झालं, आता ते इतरांचा उजेड अडवत होतं.

छाटलेलं बादलीभर हिरवं वाळवलं आणि मगच कचऱ्यात दिलं. नाल्यात, तळ्यात, नदीत यातली एक काडीसुद्धा जाता कामा नये. जलपर्णी मूळची दक्षिण अमेरिकेची. शोभेचं फूल म्हणून लोकांनी ती देशोदेशी नेली आणि आज तिने किती पाणी झाकलं आहे ते आपण पाहतोच. उलट आशियातली हीच हायग्रोफिला अमेरिकेत घातक तण म्हणून कायद्याने बंद आहे. एका पेरातून नवं झाड होतं, हा गुण टाकीत जितका सोयीचा तितकाच बाहेर धोक्याचा. वाळवायला दोन दिवस लागतात, पण मला त्यात तडजोड मान्य नाही.

१८ मे

जावा फर्नच्या जुन्या पानाखाली तपकिरी ठिपक्यांच्या रांगा. भाचीला वाटलं रोग. बीजाणूंच्या पिशव्या आहेत त्या. दुसऱ्या एका पानाच्या टोकाला तर पिल्लू रोप लोंबतंय, स्वतःच्या मुळांसकट.

क्रिप्ट आता आठच्या आठ उभी आहेत. शेतावरून आली तेव्हा पानं हिरवी आणि उभट होती. ही तपकिरी, कडेला लाटा असलेली, खडीवर पसरणारी. शेजारी शेजारी ठेवली तर एकच झाड आहे यावर कोणी विश्वास ठेवणार नाही.

७ जून

सकाळी दिवा लागून पंधरा मिनिटं झाली असतील. भाचीने हाक मारली, "मावशी, लवकर ये, मासा उलटा झालाय!" मी धावत गेले. मनात आजाराची सगळी नावं येऊन गेली.

मासा आजारी नव्हता. क्रिप्टच्या सगळ्यात मोठ्या पानाखाली मादी पोट वर करून पानाच्या खालच्या बाजूला घासत होती, आणि नर येऊन तिच्याभोवती अंग वळवत होता. सुटायचे, एक चक्कर मारायचे, पुन्हा त्याच पानाखाली. हार्लेक्विन रुंद पानाच्या खालीच अंडी चिकटवतात हे वाचलं होतं, माझ्या टाकीत दिसेल असं वाटलं नव्हतं. वीस मिनिटं आम्ही दोघी जमिनीवर बसून होतो. नंतर बॅटरीने पाहिलं तेव्हा पानाखाली काचेच्या मण्यांसारखी सात-आठ अंडी होती, आणि बाकीचे मासे ती टिपायला जमले होते.

आज छाटणीचा दिवस होता. हायग्रोफिला कापली, वॅलिस्नेरिया विरळ केली. ते पान खाली झुकलं आहे, कड थोडी फाटली आहे, गेल्या आठवड्यात काढायच्या यादीत मी ते लिहून ठेवलं होतं. यादीतून खोडलं.